मालकांचा हप्ता बंद झाला, माझा सुरू होईना

प्रश्न : आमची जिंतूर तालुक्यात साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे. माझे मालक मार्च २०२४ मध्ये वारले. त्यानंतरही त्यांच्या खात्यात दोनदा पीएम किसानचे आणि दोनदा राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसे आले, ते मी एटीएममधून काढले. मग बंद झाले. सातबाऱ्यावर आता माझं, मोठ्या मुलाचं (वय २४, लग्न झालंय, परभणीत वर्कशॉपमध्ये कामाला), धाकट्याचं (वय १६) आणि नांदेडला दिलेल्या मुलीचं अशी नावं लागली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये सेवा केंद्रात माझ्या नावाचा अर्ज भरला. तेव्हापासून २० वा आणि २१ वा हप्ता येऊन गेला, मला काही नाही. केंद्रवाला म्हणतो, वरून मंजुरी नाही. गावातला एक जण दीड हजार मागतोय, मंजूर करून देतो म्हणतो. माझ्या जावेचं वेगळंच, तिच्या स्टेटसला पैसे जमा दिसतात आणि पासबुकात काही नाही. मला लाडकी बहीणचे दीड हजार मिळतात, ते तर बंद होणार नाहीत ना?

उत्तर : ताई, आधी त्या दीड हजारवाल्याचं बघू. या अर्जाला सरकारी फी नाही. सेवा केंद्रात अंगठा लावून ई-केवायसी करायचे १५ रुपये, शिवाय फॉर्म भरण्याचे आणि स्कॅनिंगचे काय असतील ते. मंजुरी तालुका, जिल्हा आणि राज्य अशा तीन लॉगिनमधून जाते आणि यातलं एकही लॉगिन गावातल्या माणसाच्या हाती नसतं. अर्ज आपसूक सुटला तर तो म्हणेल मीच सोडवला, नाही सुटला तर म्हणेल साहेब ऐकत नाहीत. पैसे तर देऊ नकाच, पण आधारची झेरॉक्स आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही देऊ नका.

आता अर्ज. 'वरून मंजुरी नाही' हे उत्तर तुम्ही पुन्हा ऐकून घेऊ नका. वर म्हणजे कुठे, ते पोर्टलवर दिसतं. पीएम किसानच्या संकेतस्थळावर शेतकऱ्यांच्या रकान्यात 'स्टेटस ऑफ सेल्फ रजिस्टर्ड फार्मर' अशी खिडकी आहे. सेवा केंद्रातून भरलेला अर्जही तिथेच दिसतो. आधार क्रमांक टाकला की अर्ज कोणत्या पातळीवर पडून आहे आणि नाकारला असेल तर कारण काय, हे येतं. त्या पानाची प्रिंट काढून घ्या. तालुका पातळी दिसली तर तालुका कृषी अधिकारी कार्यालय, जिल्हा दिसली तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. तहसीलला चकरा मारू नका. जमिनीच्या नोंदीत चूक निघाली तरच तहसीलचं काम, एरवी ते तुम्हाला कृषीकडे पाठवतात आणि कृषीवाले परत तहसीलकडे.

तुमच्यासारखे वारसाचे अर्ज बहुतेक एकाच जागी अडकतात. या योजनेत जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असलेल्यांनाच लाभ आहे. त्यानंतर घेतलेली, बक्षीस मिळालेली जमीन चालत नाही. अपवाद एकच, जमीनधारक वारल्यामुळे वारसांच्या नावावर आलेली जमीन. फॉर्ममध्ये जमीन त्या तारखेआधीची की नंतरची हे विचारलेलं असतं, आणि नंतरची असेल तर कशामुळे आली तेही. तुमचा फेरफार २०२४ नंतरचा, म्हणजे 'नंतरची' हेच बरोबर. पण कारणाच्या जागी वारसा, म्हणजे धारकाचा मृत्यू, हाच पर्याय निवडलेला हवा. सेवा केंद्रातला मुलगा घाईत असतो, दिवसाला पन्नास फॉर्म भरतो. त्याने खरेदी निवडलं किंवा जागा तशीच सोडली, तर यंत्रणेच्या लेखी तुम्ही २०१९ नंतर जमीन घेतलेल्या बाई ठरता. केंद्र सरकारने अशी प्रकरणं संशयित म्हणून वेगळी काढून प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत थांबवलेली आहेत. म्हणून भरलेल्या फॉर्मची प्रत मागा आणि तेवढी ओळ स्वतः वाचा.

सोबत जोडलेले कागदही बघा. नुसता आजचा सातबारा पुरत नाही, कारण त्यावर जमीन आधी कोणाची होती ते कळत नाही. वारसाचा प्रमाणित फेरफार हवा. मालकांचं नाव १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून होतं हे दाखवणारा जुना फेरफार किंवा जुना सातबारा हवा. मृत्यूचा दाखला, आठ-अ, रेशन कार्ड, तुमचं आणि मुलांचं आधार हेही लागतं. फाइलचा आकार कमी करायच्या नादात फेरफाराची अक्षरं पुसट होतात आणि तालुक्याला बसलेला माणूस न वाचता येणारा कागद सरळ परत पाठवतो. मोबाइलने तिरका फोटो काढण्यापेक्षा डिजिटल सहीचा फेरफार महाभूमीच्या पोर्टलवरून उतरवून तीच फाइल द्या.

दुसरी शक्यता जास्त नाजूक आहे आणि ती तुम्ही काढलेल्या पैशांशी जोडलेली आहे. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची, मुलं, आणि एका कुटुंबाला एकच लाभ. मालकांची नोंद 'मयत' म्हणून बंद झाली नसेल, तर यंत्रणेला पती आणि पत्नी दोघेही अर्जदार दिसतात. दोघांनी लाभ घेणं हाही संशयित यादीत जाण्याचा एक निकष आहे. हप्ते थांबले म्हणजे नोंद बंद झालीच असं नाही. ई-केवायसी राहिल्यामुळेही ते थांबतात, आणि मयत माणसाची ई-केवायसी कोण करणार? तेव्हा मृत्यूचा दाखला आणि मालकांचा नोंदणी क्रमांक जोडून तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या, 'नोंद मयत म्हणून बंद करावी'. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. त्यांची नोंद बंद होत नाही तोवर तुमची सुटेल याची खात्री नाही.

त्या पैशांचं सांगायचं तर ते परत करावे लागतील. मार्च २०२४ नंतरचे पीएम किसानचे दोन हप्ते म्हणजे १८ जून २०२४ चा १७ वा आणि ५ ऑक्टोबर २०२४ चा १८ वा. नमोचे दोन म्हणजे ऑगस्ट २०२४ चा ४ था आणि ५ ऑक्टोबरचा ५ वा. वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीच्या कार्यक्रमातून १८ वा आणि ५ वा एकाच दिवशी सुटला होता, त्यामुळे पासबुकात त्या सुमाराला चार हजार आलेले सापडतील. एकूण ८,००० रुपये. हा लाभ माणसाच्या नावाचा आहे, जमिनीच्या नावाचा नाही. मृत्यूनंतर आलेला हप्ता वारसांचा होत नाही. घाबरायचं कारण नाही, अशा कितीतरी घरांत हे झालंय. पण नोटीस येण्याआधी स्वतःहून भरलेलं बरं.

पीएम किसानचे ४,००० पोर्टलवरच्या 'रिफंड ऑनलाइन' मधून भरता येतात. तिथे मालकांचा आधार किंवा खाते क्रमांक टाकला की हप्ते दिसतात, भरणा झाल्यावर पावती निघते. नमोचे ४,००० राज्याचे आहेत, ते या खिडकीत भरायचे नाहीत. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून कोणत्या खात्यात, कोणत्या पद्धतीने भरायचे ते लेखी घ्या. तोंडी सांगितलेल्या खात्यात किंवा कोणाच्या फोनवर पाठवू नका. मालकांचं एटीएम कार्ड आता वापरायचं थांबवा आणि बँकेत मृत्यूचा दाखला देऊन नॉमिनीचा दावा करा. खात्यात आधीपासून जी शिल्लक होती ती तुम्हा वारसांचीच आहे, ती रीतसर मिळेल.

यानंतर नाव. आधारवर एक आणि सातबाऱ्यावर एक, हा आपल्याकडचा जुना रोग. आधारवर नावाला 'बाई' लागलेलं, सातबाऱ्यावर नुसतं नाव, किंवा फेरफारात तुमच्या माहेरच्या वडिलांचं नाव. एवढ्याशा फरकाने शेतकरी ओळख क्रमांक अडतो, आणि तो नसला तर नवी नोंदणी पुढे सरकत नाही. हा ११ अंकी क्रमांक ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतून मिळतो. महाराष्ट्रात कृषी विभागाच्या योजनांना तो १५ एप्रिल २०२५ पासून लागतो, आणि खरीप २०२५ पासून पीक विम्यालाही. नोंदणी केली की आधी एक लांबलचक नोंदणी क्रमांक येतो. तो ओळख क्रमांक नव्हे. पुष्कळ जण तोच घेऊन फिरतात. मंजुरीनंतर येणारा ११ अंकी क्रमांकच खरा. नोंदणी करताना तुमच्या नावाखाली सगळे गट दाखल झालेत ना ते पडद्यावर मोजून बघा. फेरफार नुकताच झाला असेल तर कधी कधी नवा धारक लगेच दिसत नाही, तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. चूक सातबाऱ्यात असेल आणि ती लिहिण्यातली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज होतो. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून किरकोळ फरकासाठी तिकडे हात घालू नका. सातबाराच आधारप्रमाणे करून घ्या.

हा सातबारा नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. धाकट्याच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं असेल. म्हणजे अज्ञान पालनकर्ती तुम्ही. तो तुमच्याच कुटुंबात धरला जातो, त्याचा वेगळा अर्ज होत नाही. त्याला १८ पूर्ण झाले की जन्माचा पुरावा देऊन ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, हा शेरा काढायला अर्ज करायचा. एकाच नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं दिसलं तर मात्र थांबा. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि बाकीच्यांची नावं धारकांत नसतात. नाव नाही तर लाभ नाही. तुम्ही सगळ्यांची नावं लागली म्हणता, तेव्हा तुमच्याकडे ही अडचण नसावी.

मोठ्या मुलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. तो सज्ञान आहे, त्याचं नाव वारसाने लागलंय, म्हणून त्याचं कुटुंब वेगळं धरतात आणि त्याचा स्वतंत्र अर्ज होतो. जमीन सामाईक असली, वाटणी झालेली नसली तरी चालतं. वर्कशॉपमधली खासगी नोकरी आड येत नाही. मागच्या वर्षी आयकर भरलेला असेल तर मात्र तो बाद. सुनेच्या नावावर माहेरची जमीन असेल आणि ती तिकडून हप्ता घेत असेल, तरी दोघांपैकी एकालाच मिळेल. नांदेडच्या मुलीलाही हाच नियम. जावई घेत असतील तर तिचा अर्ज करू नका. घेत नसतील आणि दोघांपैकी कोणी सरकारी नोकरीत किंवा आयकर भरणारं नसेल, तर तीही पात्र आहे. फक्त हप्त्यासाठी तिच्याकडून घाईने हक्कसोड करून घेऊ नका. त्याने तुमचा एक रुपयाही वाढत नाही.

लाडकी बहीणचा हिशेब आता मांडू. बंद होणार नाही, कमी होईल. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला दीड हजारांपेक्षा कमी मिळत असेल तर लाडकी बहीणमधून फक्त फरक देतात. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमोचे ६,०००, मिळून १२,०००, म्हणजे महिना १,०००. राहिलेले ५०० लाडकी बहीणचे. आज तुम्हाला वर्षाला १८,००० मिळतात. तुमचा अर्ज मंजूर झाल्यावर १२,००० अधिक ६,०००, म्हणजे पुन्हा १८,०००. दीड हजार लाच देऊन तुम्ही जे मिळवायला निघालात त्याची आजची किंमत शून्य आहे! मुलाचा अर्ज झाला तर घरात खरोखर १२,००० नव्याने येतात. म्हणून आधी मुलाचा ओळख क्रमांक आणि अर्ज. तुमचाही सोडून देऊ नका, कारण लाडकी बहीण ६५ वर्षांपर्यंतच आहे आणि पीएम किसानला वयाची वरची अट नाही. पण त्यासाठी रोज तालुका गाठायची गरज नाही.

मुलाच्या अर्जात उशीर मात्र परवडत नाही. योजनेत वर्षाचे तीन भाग आहेत, एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च. राज्याने तुमचं नाव ज्या भागात चढवलं त्या भागापासून हक्क सुरू होतो, मागचं मिळत नाही. नाव चढल्यावर आधार किंवा बँकेच्या त्रुटीमुळे हप्ता अडला, तर तो दुरुस्तीनंतर मिळतो. म्हणजे मंजुरीआधीचा उशीर बुडतो, नंतरचा नुसता लांबतो. अर्ज करून दोन महिने हालचाल दिसली नाही, तर तालुका कृषी कार्यालयात माहितीचा अधिकार लावायचा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि प्रश्न दोनच : माझा अर्ज तालुका लॉगिनला कोणत्या तारखेला आला, आणि आजपर्यंत त्यावर काय कार्यवाही झाली? लांबलचक तक्रार लिहू नका. तारीख लेखी द्यायची म्हटलं की आधी अर्ज उघडून बघावा लागतो. एकीकडे १५५२६१ या मदत क्रमांकावर तक्रारही नोंदवून ठेवा.

मंजुरी आल्यावर 'नो युवर स्टेटस' मध्ये तीन गोष्टींपुढे 'येस' हवं. लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली असणं), ई-केवायसी, आणि आधार बँक सीडिंग (अनुदानासाठी आधारला बँक खातं जोडलेलं असणं). पहिल्याला 'नो' असेल तर जमिनीचं काम, दुसऱ्याला असेल तर अंगठा किंवा मोबाइल ॲपवर चेहरा, तिसऱ्याला असेल तर बँक. ज्याला 'नो' तिथेच जायचं. नमोला वेगळा अर्ज नाही, ती यादी पीएम किसानवरूनच घेतात आणि पैसे मागाहून येतात. पीएम किसानचा २० वा हप्ता २ ऑगस्ट २०२५ ला आला आणि नमोचा ७ वा सप्टेंबरमध्ये, तेव्हा महिनाभराने घाबरून जाऊ नका.

राहिल्या तुमच्या जाऊबाई. त्यांचे पैसे बहुधा गेलेत, पण दुसऱ्या खात्यात. हे पैसे आता खाते क्रमांकावर नव्हे, आधारवर येतात. एका आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं, आणि जे शेवटी जोडलं ते चालतं. सिम घेताना, मायक्रोफायनान्सचं कर्ज घेताना किंवा गावात कॅम्प लागला तेव्हा एखादं खातं उघडलं गेलं, त्या फॉर्मवर अनुदान याच खात्यात घ्यायला संमतीची खूण होती, झालं. जुन्या बँकेत विचारलं तर ते 'आधार लिंक आहे' म्हणतात आणि तेही खोटं नाही. केवायसीला आधार असणं वेगळं आणि अनुदानासाठी सीडिंग असणं वेगळं. त्यांच्या स्टेटसमध्ये जिथे जमा दाखवतंय तिथे बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे आकडे असतात, ते पासबुकाशी ताडून बघा. आधारला जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# लावूनही बँक कळते, किंवा माय-आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये. खातं सापडलं की तिथले पैसे अंगठ्याने काढता येतील. पुढचे हप्ते जुन्या बँकेत हवे असतील तर त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरायचा. त्यात 'आधी कोणत्या बँकेशी जोडलं होतं' असा रकाना असतो. तो रिकामा सोडला की बँकवाला ती नवी जोडणी समजून टाकतो, ती फेटाळली जाते आणि कोणी कळवतही नाही. त्या रकान्यात सध्याच्या बँकेचं नाव लिहायचं, पोच घ्यायची, आणि आठवड्याने पुन्हा तोच *९९*९९*१# लावून बघायचं.